२५० रुपयांत बेचाळीस दिवस

नवजात बाळाचं वजन करताना आधी रिकामी झोळी काट्याला अडकवायची, स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायचा, आणि मगच बाळाला झोळीत घालायचं. हे राहून गेलं की झोळीचं वजन बाळाच्या नावावर चढतं. २४५० ग्रॅमचं बाळ कागदावर अडीच किलोच्या पुढे जातं आणि ज्याच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं तेच कमी वजनाच्या यादीतून सुटतं. श्वास मोजायचे ते बाळ शांत असताना, अंगावर पीत नसताना, पूर्ण एक मिनिट. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही; अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली तर फसगत होते. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर थांबायचं नाही, बाळाला दवाखान्यात हलवायचं.

हे काम आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, करतात. बाळंतपण दवाखान्यात झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरभेट. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. या पद्धतीचं मूळ आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतल्या बायकांनाच हे शिकवलं आणि तुलनेच्या गावांच्या मानाने तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ पासून देशभरच्या आशांकडे ही जबाबदारी आली.

मोबदला? सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. म्हणजे भेटीला ४२ रुपयेसुद्धा नाहीत. हजार लोकवस्तीत वर्षाला पंधराएक बाळं धरली तर वर्षाचे पावणेचार हजार, तेही सगळं सुरळीत पार पडलं तर. पहिलं बाळंतपण माहेरी होतं; सव्वा महिन्याने बाळंतीण सासरी गेली की ४२ व्या दिवसाची भेट दुसऱ्या गावच्या आशेकडे जाते.

मला सर्वांत खुपते ती मूळ नियमातली अट: वजनाची नोंद, लसी आणि जन्मनोंदणी यांबरोबरच ४२ व्या दिवशी आई-बाळ दोघंही सुखरूप हवीत. म्हणजे १९०० ग्रॅमच्या बाळासाठी आशा दिवसाआड धावली आणि ते बाळ वाचलं नाही, तर तिच्या धावपळीची किंमत शून्य. काळजी घेणं हे नगावर मोजायचं काम नाही. भेट झाली की त्या भेटीचे पैसे मिळायला हवेत आणि त्याखाली ठरलेल्या पगाराचा पाया हवा. आशांसारख्या योजना कर्मचाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्येच केली आहे. तरी सरकारी कागदावर आशा अजून ‘स्वयंसेविका’च आहे.

आणि पिशवीतल्या थर्मामीटरचा सेल संपला, झोळी फाटली, तर ती त्याच आठवड्यात उपकेंद्रातून बदलून मिळाली पाहिजे. पुढची भेट बहुतेक वेळा सातच दिवसांवर असते.