वाहक म्हणजे कंडक्टर : एसटीएस प्रकल्पाचा माझा अनुभव

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एसटीएस, म्हणजे शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, योजनेबद्दल, म्हणजे १९७९ पासून चालत आलेल्या, पदवीपूर्व वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठीच्या दोन महिन्यांच्या संशोधन शिष्यवृत्तीबद्दल, कनिष्ठ विद्यार्थी मला विचारतात तेव्हा त्यांना बहुधा प्रस्ताव कसा लिहावा हे हवे असते. माझा प्रस्ताव चार रात्रींत लिहून झाला, पोर्टलवर चढला आणि यथावकाश निवडलाही गेला. त्यात विद्यार्थ्याचे, मार्गदर्शकाचे किंवा महाविद्यालयाचे नाव कोठेही येऊ द्यायचे नसते, एवढे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. माझे अकरा आठवडे गेले ते माणसांवरील संशोधनाला परवानगी देणाऱ्या आमच्या नैतिकता समितीच्या कार्यालयात, आणि तेही मुख्यतः सहभागी होणाऱ्यांना द्यायच्या मराठी माहितीपत्रकाच्या तीन पानांपायी.

विषय सूक्ष्मजीवशास्त्राचा होता. वॉर्डांत काम करणाऱ्या मामा-मावशींच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू, आणि त्यातही मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा म्हणजे एमआरएसए, आढळतो का, हे मला पाहायचे होते. हा जीवाणू निरोगी माणसाच्या नाकपुडीत काहीही त्रास न देता राहू शकतो (अशा माणसाला वैद्यकात ‘वाहक’ म्हणतात) आणि हातांमार्फत रुग्णाच्या जखमेपर्यंत पोहोचू शकतो. डॉक्टर आणि परिचारिकांचेच नमुने घे, ते सोपे पडेल, असे वर्गमित्र सांगत होते. पण स्ट्रेचर, बेडपॅन आणि ड्रेसिंगचा ट्रे दिवसभर ज्यांच्या हातांत असतो त्यांनाच वगळायचे, हे मला पटले नाही.

नाकाच्या पुढच्या भागातून स्वॅब घेणे म्हणजे किमान जोखीम, तेव्हा समितीची पूर्ण बैठक न होता अर्ज लवकर निकाली निघेल, अशी माझी समजूत होती. तीन आठवड्यांनी पहिले त्रुटीपत्र आले. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, वरिष्ठांच्या हाताखाली काम करणाऱ्यांच्या संमतीकडे विशेष काळजीने पाहावे लागते. एप्रन घातलेल्या मुलीला ‘नाही’ म्हणणे कंत्राटी मावशीला शक्य आहे का, आणि एमआरएसए निघाल्यास ठेकेदाराने तिला कामावरून कमी केले तर जबाबदार कोण, असे समितीने विचारले होते. हा प्रश्न मला सुचलाच नव्हता, याची लाज अजून वाटते. मी नावांऐवजी सांकेतिक क्रमांक योजले, निकाल फक्त त्या व्यक्तीलाच सांगितला जाईल असे लिहिले आणि गरज पडल्यास वैद्यकीय सल्ल्याने नाकातील हे जंतू घालवणारे म्युपिरोसिनचे मलम देण्याची तरतूद जोडली.

यानंतरचे मात्र मी विसरू शकत नाही. अर्ज पूर्ण बैठकीपुढे जायचा होता. त्यासाठी किमान पाच सदस्य आणि त्यांत वैद्यकक्षेत्राबाहेरचेही असावे लागतात, हा नियम रास्तच आहे, परंतु ती बैठक गणपूर्तीअभावी दोनदा पुढे ढकलली गेली आणि दोन्ही वेळा ते मला कार्यालयाच्या दारात पोहोचल्यावर कळले. शिवाय त्रुटी एकत्र न सांगता दर खेपेला एकच सांगायची, ही तेथील रीत होती. एकदा मार्गदर्शकांची सही दुसऱ्या पानावर नव्हती. एकदा मराठी माहितीपत्रकाचे पुन्हा इंग्रजीत केलेले उलट भाषांतर नव्हते. एकदा दोन्ही असूनही टाचणीऐवजी फाइल हवी होती. (दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेत जा. मी पहिल्या खेपेस घेतली नाही, आणि माझा अर्ज ‘आलेलाच नव्हता’.)

शेवटी बैठक झाली आणि मराठी पत्रक लाल शाईने रंगून परत आले. समितीतील सर्वसामान्य नागरिकांचे प्रतिनिधी निवृत्त शिक्षक होते. ‘आपण वाहक आहात किंवा कसे’ या वाक्याखाली रेघ ओढून त्यांनी फक्त ‘कोणाला कळणार?’ असे लिहिले होते. त्यांना खोटे ठरवण्याच्या इराद्याने मी तडक अपघात विभागातील एका मावशींकडे गेले आणि ते वाक्य वाचून दाखवले. “वाहक म्हणजे कंडक्टर ना, ताई?” त्या म्हणाल्या. “आमचे हे एसटीत होते की वाहक.”

त्या रात्री मी तिन्ही पाने नव्याने लिहिली. ‘वसाहतीकरण’ आणि ‘प्रतिजैविक-प्रतिरोधक’ गेले; ‘काही लोकांच्या नाकात हे जंतू राहतात, त्यांना स्वतःला त्रास होत नाही, पण हातांवरून ते दुसऱ्याला लागू शकतात’ असे आले. करोनाच्या तपासणीची धास्ती अजून सगळ्यांच्या मनात असल्यामुळे काडी नाकात खोल जाणार नाही, हे वेगळ्या ओळीत लिहिले. मग ते त्याच मावशींना वाचून दाखवले आणि त्या जेथे अडल्या तेथे पुन्हा बदलले. हे काम मी पहिल्याच आठवड्यात केले असते तर निदान एक खेप वाचली असती, हे मला मान्य आहे. टाचणीच्या खेपेबद्दल मात्र मी कोणाचेही काही मान्य करणार नाही.

परवानगीपत्र हाती आले तेव्हा मी जावक क्रमांक दोनदा वाचला. नमुने नऊ दिवसांत गोळा झाले. मॅनिटॉल सॉल्ट अगार या जीवाणू वाढवण्याच्या माध्यमावर पिवळ्या पडलेल्या वसाहती, जीवाणूची ओळख पटवणारी कोअॅग्युलेज चाचणी, मग सेफॉक्सिटिन या प्रतिजैविकाची ३० मायक्रोग्रॅमची चकती आणि तिच्याभोवतीचे जंतू न वाढलेले वर्तुळ २१ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरले तर एमआरएसए. हे सारे प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांनी इतके व्यवस्थित शिकवले की त्याबद्दल तक्रारीला जागाच नाही. ज्यांना सही करता येत नाही त्यांच्या अंगठ्याबरोबर तटस्थ साक्षीदाराची सही लागते, तेव्हा तो माणूस आधीच ठरवून ठेवावा. रात्रपाळीत मला कोणी मिळेना.

आणखी एक राहिलेच. एका मार्गदर्शकाला एकच विद्यार्थी घेता येतो, म्हणून विचारणा अर्ज सुटण्यापूर्वी करावी. तसेच परवानगीपत्रावरील शीर्षक आणि पोर्टलवरील शीर्षक अक्षरशः जुळते का, ते पत्र घेतानाच तपासावे. माझ्या पत्रात एक शब्द गळाला होता आणि अहवाल पाठवण्याच्या आठवड्यात, दुरुस्तीसाठी, मी पुन्हा त्याच दारात उभी होते. या वेळी फाइल घेऊन.