आमच्या गावाला समुद्र नाही, पण जीआयडीसी आहे

बडोद्यात राहून शिडाची बोट कशाला घेतली, हे मला आतापर्यंत इतक्या जणांनी विचारलंय की मी उत्तर द्यायचंच सोडलंय. झालं असं की मे 2024 मध्ये मांडव्याला एकाला पावसाळ्याआधी त्याची बोट काढून टाकायची होती, आणि जुन्या बोटीचा भाव मे महिन्यात पडतो कारण पुढचे चार महिने ती ठेवायची कुठे नि झाकायची कशी हा ताप मालकाच्या डोक्यावर असतो. 22 फुटी फायबरची बोट, एक डोलकाठी, दोन शिडं, आणि कील (बुडाखालचं उभं पातं) वर उचलता येणारी, म्हणजे उथळ खाडीत पण चालते आणि ट्रकवर जुन्या टायरांवर नीट बसते. त्याने सव्वातीन सांगितले, मी दोन लाख दहा हजार दिले. डोलकाठी ट्रकच्या मागे सहा फूट बाहेर, तिला बायकोची जुनी लाल ओढणी बांधलेली, अशी ती वरात रात्री अडीच वाजता आमच्या समा रोडच्या बंगल्यात शिरली.

सकाळी आईने बोट बघितली आणि एवढंच म्हणाली, "आधी जॅकेटं आण, मग बाकीचं." त्याच वर्षी जानेवारीत बडोद्यातल्याच हरणीच्या तलावात बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या होत्या, बऱ्याच मुलांच्या अंगात जॅकेट नव्हतं. घरात बोट हा शब्द काढायची सोय नव्हती तेव्हा. त्यामुळे पहिला खर्च जॅकेटांचा, त्यावर चर्चा नाही.

जॅकेटांसाठी अलंगला गेलो. बडोद्याहून वटामण, भावनगर करत पहाटे निघालं तर दुपारच्या आधी पोचतो. जहाजं तोडून निघालेला सगळा माल तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विकायला असतो, त्या दुकानांना खाडा म्हणतात. पहिले दोन तास नुसता वेड्यासारखा फिरलो, कारण सगळं जहाजाच्या मापाचं, शॅकल (दोर-साखळी जोडायची लोखंडी कडी) उचलायला दोन माणसं लागतील असं. मग एका पोराने विचारलं काय पाहिजे, मी म्हटलं छोट्या बोटीचं, तर तो मला लाइफबोटींचं सामान ठेवणाऱ्या खाड्यात घेऊन गेला आणि तिथे माझी दिवाळी झाली! प्रत्येक जहाजावर लाइफबोट असते आणि ती आपल्याच मापाची असते, तिच्यात नियमानेच होकायंत्र, हातपंप, आकडी लावलेली काठी, बादल्या, सी-अँकर (बोट वाहून जाऊ नये म्हणून पाण्यात सोडायची कापडी पिशवी), आरसा, शिट्टी सगळं ठेवावं लागतं, आणि बरंचसं आयुष्यात एकदाही वापरलेलं नसतं. सहा फोमची जॅकेटं (शिवण ओढून बघितली, चमकणारी पट्टी आणि शिट्टी आहे ना ते बघितलं), होकायंत्र, पंप, दोर, सगळं मिळून 19 हजार. जुने फ्लेअर (मदत मागायला पेटवायच्या इशाऱ्याच्या नळ्या) मात्र तो फुकट देत होता तरी घेतले नाहीत. तारीख उलटलेली दारू घरात कोण ठेवणार, आणि ऐनवेळी पेटली नाही तर काय.

मग बुडाचं काम. बोटीच्या बुडाला दोन भोकं होती, एक संडासाला पाणी घ्यायचं आणि एक सिंकचं पाणी सोडायचं, दोन्हीवर सीकॉक म्हणजे व्हॉल्व. वरून ठीक दिसत होते. कानशीने घासून बघितलं तर पितळ आतून गुलाबी. खाऱ्या पाण्याने त्यातलं जस्त खाऊन टाकलं की उरतो तो नुसता स्पंज, एक तर पान्याला जरा जोर दिला तर हातातच तुटला. हाच समुद्रात तुटला असता तर, हा विचार करत मी ओट्यावर बसून दोन कप चहा प्यायलो. दोन्ही काढून टाकले.

फायबरच्या कामाला मकरपुरा जीआयडीसीतल्या (आपल्या एमआयडीसीसारखी गुजरातची औद्योगिक वसाहत) एका भाईंना गाठलं, त्यांचं आयुष्य केमिकल कंपन्यांच्या एफआरपी म्हणजे फायबरच्या टाक्या करण्यात गेलंय, बोट त्यांनी जवळून पहिल्यांदाच बघितली. मी व्हिडिओ बघून मोठा शहाणा झालेलो, महागातलं इपॉक्सी रेझिन आणि काचधाग्यांची मॅट घेऊन तयार. भाईंनी मॅट हातात चुरगाळली आणि म्हणाले ही इपॉक्सीत भिजणार नाही, हिच्या धाग्यांना धरून ठेवणारा जो डिंक असतो तो पॉलिस्टरसारख्या रेझिनमधल्या स्टायरीनमध्येच विरघळतो, इपॉक्सीत तो तसाच राहतो. इपॉक्सीला विणलेलं कापड लागतं. आणि तू टाकीवाल्याकडे आलायस तर टाकीवाल्याचं ऐक, व्हिनाइल एस्टर रेझिन वापर, ॲसिड टिकतं त्याच्यात तर समुद्राचं पाणी काय चीज आहे. नंतर बोटीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "टाकीमां पाणी अंदर राखीए, आमां बहार राखवानुं, बीजुं शुं!" (टाकीत पाणी आत ठेवतो, हिच्यात बाहेर ठेवायचं, दुसरं काय!)

मे-जूनच्या उकाड्यात मात्र हार्डनर टाकला की दहा मिनिटांत डबा गरम होऊन रेझिन जेली व्हायचं, म्हणून सकाळी सहाला काम सुरू नि नऊला बंद. संडासाचं भोक कायमचं बुजवायचं ठरवलं. कडा आतून-बाहेरून घासून लांब उतार करायचा, जाडीच्या बारापट, म्हणजे सहा मिलीमीटरच्या बुडाला प्रत्येक बाजूने साधारण 72 मिलीमीटर, नाहीतर ठिगळ बुचासारखं निघून येतं. संडासाच्या जागी बादली. बायकोने यावर जे मत दिलं ते इथे लिहीत नाही.

घासणं झालं, ठिगळ बाकी, आणि मग रेझिनला लागतं तसं कोरडं हवामान मिळेचना. जुलै गेला, ऑगस्ट आला, गोकुळाष्टमीला पाऊस सुरू झाला तो थांबेना, त्यात आजवा धरणाचं पाणी आलं आणि विश्वामित्री नदी, धोक्याची पातळी 25 फूट असताना, 35 च्या वर गेली. आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी, मगरी फिरतायत म्हणून व्हॉट्सॲपवर व्हिडिओ, लाइट नाही, दूध नाही. आणि सगळ्या सोसायटीत बोट एकाकडेच. समोरचे काका गच्चीतून ओरडतायत, "अहो काढा की बोट, दूध तरी आणू!" आता त्यांना कसं सांगणार की गावात एकच बोट आहे आणि तिच्या बुडाला दोन भोकं आहेत.

भोकांत आम्ही सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळलेली लाकडी गुटकी ठोकली आणि ती टायरांवरून उठून भिंतीवर आपटू नये म्हणून चारी बाजूंनी बांधली, एक दोर कडुनिंबाला, एक गेटच्या खांबाला. रात्री दीडला ती खरंच उठली. मेणबत्ती घेऊन व्हरांड्यात उभा होतो, आणि माझी बोट पहिल्यांदा तरंगताना मी बघितली ती आमच्या अंगणात. आत पाणी आलं थोडं, दुसऱ्या दिवशी उपसलं, चिखल धुतला. भाईंचं वर्कशॉपही बंद होतं, त्यांची वाट बघितली आणि सप्टेंबरअखेर ऊन पडल्यावर ठिगळ मारलं. उरलेल्या भोकाला नवा ब्राँझचा सीकॉक बसवला आणि त्याच्याजवळ दोरीला लाकडी बूच बांधून ठेवलंय.

खरा पैसा गेला तो डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांना. सगळ्या मिळून 58 हजार. त्या किती जुन्या हे मालकालाच माहीत नव्हतं आणि अशी तार वरून चकचकीत असली तरी टोकाला जिथे फिटिंगमध्ये शिरते तिथे आतून सडते. चार मिलीमीटरची 316 ची (खाऱ्या हवेत टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलची) तार हवी होती, बाजारात प्रत्येकजण 316 च म्हणून देतो. लोहचुंबकाने कळत नाही, कारण खेचून केलेली तार थोडी चिकटतेच. शेवटी डेअरीची भांडी बनवणाऱ्या एकाकडे मोली टेस्टचं (316 मधलं मॉलिब्डेनम ओळखणारं) द्रावण होतं, नमुन्यावर थेंब टाकून छोटी बॅटरी लावायची, रंग बदलला तर 316. तीन दुकानांतल्या दोन नमुन्यांवर ढिम्म काही झालं नाही. टोकांना दाबून बसवायची फिटिंग इथल्या प्रेसवर करायचा धीर झाला नाही, पान्याने आवळायची मागवली, महाग पडली पण पुढे उघडून बघता येतात.

बाकीचं भराभर झालं. शिडाचं कापड चांगलं होतं, उन्हाने फक्त दोरा कुजला होता. गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्याने झिगझॅग मशीनवर पॉलिस्टरच्या दोऱ्याने तीन दिवसांत शिवून दिलं, त्याच्या दुकानात मावेना म्हणून फुटपाथवर पसरून. वायरिंग सगळं नवं, कल्हई केलेल्या तांब्याच्या वायरने, साधी वायर खाऱ्या हवेत काळी पडते. 100 वॉटचं एक सोलर पॅनल. गॅसचा सिलिंडर आत ठेवायचा नाही हे मी स्वतःलाच बजावलं, हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बुडात जाऊन बसतो, म्हणून तो मागे उघड्यावर. गाद्या अजून जुन्याच आहेत. वास येतो.

नोव्हेंबरात ट्रकने रेवदंड्याला नेली, तिथे मामेभाऊ राहतो. भरतीला क्रेनने खाडीत सोडली, नारळ वाढवला, आणि अर्ध्या तासाने फळी उचलून बघतो तर बुडात पाणी! माझे हातपाय गार. सीकॉक कोरडा, ठिगळ कोरडं, कीलचा बोल्ट कोरडा, आणि पाणी तर हळूहळू येतंय. भाऊ म्हणाला चाटून बघ, खारट आहे का. बोट बुडवलं, जिभेला लावलं.

गोडं. आणि चिखलाची चव. आतल्या अस्तरामागे एक छोटी मोरी गाळाने तुंबली होती, प्रवासात हादरे बसून ती सुटली, आणि ऑगस्टपासून तिथे अडकलेली विश्वामित्री आता बाहेर येत होती. पच्चकन थुंकलो, स्पंज घेतला, दीड बादली निघाली. ती रेवदंड्याच्या खाडीत ओतली आणि मग आईला फोन लावला.