लाईट गेली तेव्हा राउटरवर फर्मवेअर चढत होतं

मी चिपळूणला नेटवर्किंगची कामं करतो, सीसीटीव्ही, ऑफिसातलं केबलिंग, घरचं वायफाय. पण खरा जीव रमतो तो राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकण्यात, म्हणजे कंपनीचं फर्मवेअर (राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) काढून त्याजागी हे मोफत, खुलं फर्मवेअर बसवण्यात. आजपर्यंत बरेच राउटर केलेत, पण आषाढातला तो एक दिवस डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

एका मॅडमचा फोन आला. त्या स्पीच थेरपिस्ट आहेत, लहान मुलांना घरून ऑनलाइन शिकवतात. म्हणाल्या, "मुलगा र म्हणतोय की ल म्हणतोय हेच मला कळत नाही, आवाज असा तुटतो, मग मी त्याला दुरुस्त तरी काय करू?" नेटवाल्याने ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० केला, पैसे वाढले, आवाज तसाच. मला हे ऐकूनच अंदाज आला, विचारलं घरात अजून कोण नेट वापरतं, तर मुलगा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो आणि दुपारभर ते क्लाउडवर चढवत असतो. तेव्हाच आवाज तुटतो ना? हो, तेव्हाच.

दुपारी दोनला पोचलो, धो धो पाऊस. लॅपटॉप वायरने जोडला, पिंग लावला (एक छोटं पाकीट जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते), १४ मिलिसेकंद, एकदम छान. मग मुलाला म्हटलं आता एक फाइल चढव. पिंग २००, ५००, आणि मग ९०० च्या वर जाऊन बसला. स्पीड टेस्ट मात्र मस्त दाखवते, त्यामुळे लोकांना वाटतं नेट चांगलंय मग आपला लॅपटॉपच खराब. ह्याला बफरब्लोट म्हणतात. लाईनला जेवढं झेपतं त्यापेक्षा जास्त डेटा आला की मधला डबा तो फेकत नाही, साठवून ठेवतो, आणि मग परशुराम घाटात पुढे वीस ट्रक लागले की मागची ॲम्ब्युलन्स पण त्यांच्याच चालीने चढते, तसं मॅडमच्या आवाजाचं एवढंसं पाकीट त्या व्हिडिओच्या ढिगामागे अडकतं. प्लॅन १०० चा केला तरी अपलोड २० च्याच आसपास होता, म्हणजे रांग जिथल्या तिथे.

ही रांग आवरायची सोय ओपनडब्ल्यूआरटीत आहे, म्हणून तेच टाकायचं ठरवलं. त्यांच्याकडे टीपी-लिंकचा आर्चर सी७ राउटर होता. उलटा करून स्टिकर बघितला, व्हर्जन २. हे बघावंच लागतं, कारण त्याच सी७ च्या व्हर्जन १ ला ५ गिगाहर्ट्झची जी चिप होती ती ओपनडब्ल्यूआरटीवर चालत नाही आणि बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात. व्हर्जन २ ला १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम, एवढ्यात आपलं काम आरामात होतं. पीपीपीओईचं, म्हणजे नेटवाल्याकडे लॉगिन करायचं, युजरनेम पासवर्ड आधी मागून घेतलं, राउटरच्या पानावर तर नुसते ठिपके दिसतात. ते निघालं एका जुन्या कालनिर्णयच्या पानामागे, दुधाच्या हिशेबाशेजारी. फर्मवेअरच्या फाइलचा शा२५६ चेकसम जुळवला, म्हणजे फाइल नीट उतरलीय का ते कळतं, फॅक्टरी इमेजच घेतलीय ना ते दोनदा बघितलं (सिसअपग्रेडवाली इमेज आधीच ओपनडब्ल्यूआरटी असेल तेव्हाची, पहिल्या वेळी चालत नाही), आणि तीनला दहा कमी असताना अपग्रेडचं बटण दाबलं.

पट्टी साधारण अर्ध्यावर आली असेल आणि लाईट गेली.

लॅपटॉप बॅटरीवर चालू, हॉलमधला पंखा इन्व्हर्टरवर चालू, आणि राउटरचे सगळे दिवे बंद. तो सॉकेट इन्व्हर्टरवर नव्हता. हे मी आधी विचारायला हवं होतं, विचारलं नाही, चूक पूर्ण माझी. पोटात गोळा आला. पाच वाजता मॅडमचं सेशन होतं, पुण्याचा सहा वर्षांचा मुलगा. मी त्यांना लगेच सांगितलं की मॅडम राउटर आत्ता बंद पडलाय, माझ्यामुळे पडलाय, मी तो पाचच्या आत उठवायचा प्रयत्न करतो आणि नाहीच उठला तर माझ्या दुकानातला दुसरा आणून जोडतो. त्या एवढंच म्हणाल्या, "करा तुम्ही, मी चहा टाकते."

बेडरूममध्ये इन्व्हर्टरचा एक सॉकेट होता, तिथून एक्स्टेन्शन ओढलं. राउटर चालू केला तर पॉवरचा दिवा लागतो आणि पुढे काहीच नाही. पण मला आशा होती, कारण फ्लॅशमध्ये बूटलोडरचा (राउटर चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम) भाग वेगळा असतो आणि आपण चढवत होतो ते त्याच्या पुढच्या भागात. बूटलोडर जिवंत असेल तर तो टीएफटीपीने (वायरवरून फाइल पाठवायची एक साधी पद्धत) लॅपटॉपकडून नवीन फाइल मागून घेतो. लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा आयपी हाताने दिला, फाइलचं नाव बदलून आर्चरसी७व्ही२_टीपी_रिकव्हरी.बिन केलं (इंग्रजीत अर्थातच, आणि एक अक्षर चुकलं तरी तो घेत नाही), टीएफटीपी सर्व्हर चालू केला, मागचं रिसेटचं बटण दाबून धरून पॉवर दिली, डब्ल्यूपीएसचा दिवा लागेपर्यंत धरून ठेवलं.

दिवा लागला, पण सर्व्हरचा लॉग कोराच. फायरवॉल आडवी येत असेल म्हणून ती बंद केली, परत तेच. साडेतीन झाले होते. मग लक्षात आलं की राउटर बंद केला की लॅपटॉपला वाटतं वायरच काढली, विंडोज तो आयपी सोडून देतं, आणि राउटर चालू झाल्यावर ते परत जागं होईपर्यंत बूटलोडरने हाक मारून झालेली असते, तो थोडाच वेळ वाट बघतो. बॅगेत पाच पोर्टचा एक साधा स्विच होता, तो मध्ये टाकला. आता राउटर बंद असला तरी लॅपटॉपला स्विच दिसत राहणार.

तिसऱ्यांदा बटण धरलं. मुलगा शेजारी टॉर्च धरून उभा. दिवा लागला आणि लॉगमध्ये ओळ आली, त्याच नावाची फाइल मागितलेली, आणि खाली ब्लॉकचे आकडे पळायला लागले. मी खरंच मोठ्याने "आला रे" असं ओरडलो, मॅडम किचनमधून बाहेर आल्या.

फाइल गेल्यावर तीन-चार मिनिटं काही म्हणजे काही करायचं नसतं. त्या वेळात मुलाने विचारलं, "दादा, हे बनवतं कोण?" मी सांगितलं की २००२ च्या शेवटी लिंकसिसने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राउटर आणला, त्याच्या आत लिनक्स आहे हे लोकांनी ओळखलं, लिनक्सचं लायसन्स जीपीएल, म्हणजे बदल करून विकलं तर कोडही द्यावा लागतो, लोकांनी तो मागितला आणि २००३ मध्ये तो मिळाला. त्यातूनच २००४ ला ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं, नावातलं डब्ल्यूआरटी त्या राउटरचंच. जगभरातली माणसं ते आजही सांभाळतायत आणि म्हणून तुझ्या आईचा हा डबा आज माझ्या हातात परत उठतोय. हे सांगताना मला दर वेळी भरून येतं.

लॅपटॉपचा आयपी परत ऑटोमॅटिक केला, १९२.१६८.१.१ ला पिंग मारला, उत्तर आलं. सव्वाचार. लुसीचं, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीच्या सेटिंगचं, पान उघडलं, पहिला पासवर्ड घातला, पीपीपीओई भरलं, नेट चालू झालं, तोवर लाईटही आली होती पण सॉकेट मी बदलला नाही. ओपनडब्ल्यूआरटीत वायफाय सुरुवातीला बंदच असतं, ते देश इंडिया निवडून चालू केलं, जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला म्हणजे घरातल्या कुठल्या फोनला हात लावायला नको. मग एसक्यूएमचं पॅकेज घातलं, रांग आवरायचं काम हेच करतं, त्यात केक नावाची पद्धत निवडली, डाउनलोड ९० आणि अपलोड १८ एमबीपीएसवर बांधलं. लाईनच्या वेगापेक्षा मुद्दाम थोडं कमी ठेवायचं, म्हणजे रांग नेटवाल्याच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, आणि केक प्रत्येकाला पाळीपाळीने सोडतं, व्हिडिओलाही आणि आवाजालाही.

मुलाला म्हटलं, चढव आता सगळ्यात मोठी फाइल. पिंग २१. २४. १९. तो लॅपटॉपजवळ वाकून बघतच राहिला.

पाचला मॅडमनी दार लोटून घेतलं. मी हॉलमध्ये वायर गुंडाळत होतो, अपलोड अजून चालूच होतं. आतून त्या म्हणाल्या "रताळं", पलीकडून आलं "लताळं". तीनदा लताळंच आलं, आणि तिन्ही वेळा तो ल मला बाहेरपर्यंत अगदी स्वच्छ ऐकू आला. "जीभ वर, टाळूला, हं, आता परत म्हण," मॅडम म्हणाल्या.