तुम्ही विचारलंत म्हणून: सोपवलं, तरी चिंता परत का येते?

रविवारची उपासना संपून मंडळी आवारात रेंगाळली की हा प्रश्न हमखास येतो. "सकाळी सगळं प्रभूच्या हाती दिलं, पण बस स्वारगेटला पोचेपर्यंत डोक्यात तेच सुरू. माझा विश्वासच कमी पडतो का?"

बहुतेक वेळा विश्वास पुरेसा असतो, प्रार्थना मोघम असते. "प्रभू, माझ्या सगळ्या चिंता घे" एवढंच म्हटलं तर काय दिलं हे आपल्यालाच ठाऊक नसतं. यहूदाचा राजा हिज्कीया याने कसं केलं ते बायबलमधल्या २ राजे या पुस्तकाच्या अध्याय १९ मध्ये वाचा. अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र घेऊन तो मंदिरात गेला आणि ते परमेश्वरापुढे पसरून ठेवलं. प्रार्थनेत त्याने त्या राजाचं, सन्हेरीबाचं, नाव घेतलं, अश्शूरने खरोखरच राष्ट्रं उजाड केली आहेत हे कबूल केलं आणि मग सुटका मागितली.

तसंच करा. बँकेची नोटीस, तपासणीचा कागद, जे काही असेल ते पुढ्यात ठेवा. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे आज आपल्या हातात असलेलं काम, उजवीकडे हातात नसलेलं. आईची बायोप्सी झाली असेल तर रिपोर्ट आणणं, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून नेणं, भावाला फोन करणं हे डावीकडे. रिपोर्टात काय निघेल, भाऊ खर्चाचं काय म्हणेल हे उजवीकडे. सोपवायची ती उजवी बाजू. डावीसाठी ताकद आणि शहाणपण मागायचं आणि उठून कामाला लागायचं. भांडण असेल तरी हीच रेघ. रोमकरांस पत्रात (१२:१८) प्रेषित पौल सर्वांशी शांतीने राहायला सांगतो, पण 'तुमच्याकडून होईल तितकं' अशी मर्यादा घालूनच. समोरच्याचं मन वळणं उजवीकडचं.

चिंता परत येण्याचं मोठं कारण डावीकडेच सापडतं: फोन केलेलाच नसतो. थकलेला हप्ता देवावर सोपवता येत नाही. बँकेत जाऊन मुदत मागावी लागते. यरुशलेमचा कोट बांधताना शत्रू चालून येणार असं कळलं, तेव्हा ते काम चालवणारा नहेम्या आणि त्याच्या लोकांनी प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला, दोन्ही एकाच वचनात आहे. आपल्या पुण्याजवळचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना भरपूर होती, आणि शेती, विणकाम, छापखानाही होता. रमाबाई १९२२ साली गेल्या. त्यांनी मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर १९२४ साली आलं.

एवढं करूनही विचार परत आला, तर तो पुन्हा द्यायचा. गेथशेमाने बागेत येशूने तीच प्रार्थना तीनदा केली. 'शरीरातला काटा' म्हणजे सतत सलणारा एक त्रास दूर व्हावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली आणि काटा तसाच राहिला, पुरेशी कृपा मिळाली. बसमध्ये डोळे मिटून लांब प्रार्थना नको. नहेम्या पारसाच्या राजाच्या चाकरीत असताना राजाने प्रश्न विचारल्यावर त्याने उत्तर देण्याआधी मनातल्या मनात प्रार्थना केली, तेवढीच पुरते. "प्रभू, हे सकाळी तुला दिलंय" असं म्हणायचं आणि पुढच्या कामाकडे वळायचं.

सकाळचा वेळ वीस मिनिटं धरा, पाणी जायच्या आत आटोपेल असा. पाच मिनिटं बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांपैकी एक, शक्यतो पुटपुटत. पाच मिनिटं त्यातल्या एका ओळीवर शांत मनन. मग रेघेचं पान. शेवटी कालच्या दिवसातल्या एखाद्या नेमक्या गोष्टीबद्दल आभार. स्तोत्र निवडायला तारीख वापरा, तिच्यात तीस-तीस मिळवत जा. १२ तारखेला १२, ४२, ७२, १०२ किंवा १३२, यांतलं एक. ११९वं स्तोत्र १७६ वचनांचं आहे. ते २९ तारखेला टाळा आणि ३१ला त्यातली आठ वचनं घ्या, कारण ते आठ-आठ वचनांच्या २२ भागांतच रचलेलं आहे. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं. वाईट दिवसांत ते मुद्दाम वाचावं. तशी प्रार्थनाही पवित्र शास्त्रात बसते, हे कळतं.

बिघडतं कुठे? मोबाइलवर आलेलं वचनाचं चित्र पुढे पाठवलं की मनन झालं असं वाटतं. "प्रार्थनेसाठी सांगते हं" म्हणत दुसऱ्याच्या घरातली भांडणं गटावर जातात. ही चहाडीच, तिला प्रार्थनेचं झाकण कशाला? काहीजण देवाशी सौदा करतात: उपास धरतो, नोकरी दे. आणि आठवडेच्या आठवडे झोप उडाली, छाती धडधडू लागली, तर पाळकांशी बोलाच, पण डॉक्टरांकडेही जा. ते काम डावीकडे लिहायचं.

चार दिवस खंड पडला तर मागचं भरून काढत बसू नका. आज जी तारीख असेल, तिथलं स्तोत्र उघडा.