फोटोमास्तर

आषाढी वारीचे फोटो म्हटलं की दिवे घाट, रिंगण आणि ड्रोनमधून टिपलेल्या पांढऱ्या टोप्या. सगळे कॅमेरे आळंदी-देहूच्या वाटेवर. आमच्या बेळगावकडून ज्या दिंड्या निघतात त्यांच्यामागं टीव्हीची गाडी नसते, आणि फोटोत शोभेल असा घाटही वाटेत नाही. काकती, हत्तरगी, संकेश्वर, चिक्कोडी, अंकली, मिरज, मग नागज, सांगोला आणि पंढरपूर. सुरुवातीची वाटचाल तर हायवेच्या कडेनं, कोल्हापूरकडं निघालेल्या ट्रकांचा वारा आणि चिखल अंगावर घेत. 2024 ची एकादशी 17 जुलैला होती. त्या वर्षी मी या वाटेनं पहिल्यांदा चालत गेलो, आणि पुढचं वर्षभर त्याच वाटेवरच्या गावांतून फिरत राहिलो. त्या फिरण्याचंच सांगायचं आहे.

भिशी, म्हणजे वाटेतल्या खर्चाची वर्गणी, भरायला गेलो तेव्हा दिंडीच्या महाराजांनी माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं बघितलं. म्हणाले, ‘‘फोटो काढा की, कोण नको म्हणतंय? पण दोन गोष्टी. ओळ मोडायची नाही आणि वीणेच्या पुढं जायचं नाही.’’

फोटो काढणाऱ्याला ही अट म्हणजे हातपाय बांधल्यासारखीच. आम्ही एरवी काय करतो? पळत पुढं जायचं, रस्त्यात बसकण मारायची आणि समोरून येणारे चेहरे टिपायचे. इथं ते बंद. चौघांच्या रांगेत माझी जागा टाळकऱ्यांच्या मागं, डाव्या कडेला. त्यामुळं त्या वारीतले माझे बहुतेक फोटो बाजूचे. कान, मानेवरचा बुक्का, टाळाची दोरी गुंडाळलेली बोटं, भिजलेल्या धोतराचा काष्टा, तुळशीला सावरणारा एक हात. झूमची लेन्स पहिल्याच मुक्कामाला सामानाच्या टेम्पोत टाकली आणि 35 मिमीची एकच लेन्स ठेवली, कारण हाताच्या अंतरावरचा माणूस सोडला तर दुसरं काही दिसतच नव्हतं. आमच्याकडचा जुलै म्हणजे दिवसभर राखाडी उजेड. सावली नाही, ऊन नाही. कॅमेरा दुधाच्या पिशवीत, लेन्सपुरतं भोक. मधेच काचेवर वाफ धरायची, की टोपीनं पुसायची. हे असं चालताना काढलेले फोटो पुष्कळदा हलतात. पण चालणाऱ्या माणसाच्या तालात पाय पडायला लागला की हात आपोआप स्थिर होतो, हे कुठल्या शिबिरात कुणी शिकवलं नव्हतं.

अंकलीत पोचलो तेव्हा तिथले घोडे केव्हाच गेलेले होते. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढं जे अश्व चालतात ते या अंकलीच्या शितोळे सरकारांचे. हैबतबाबा आरफळकरांनी 1832 साली तो सोहळा सुरू केला, तेव्हापासूनचा हा मान. दरवर्षी ज्येष्ठात घोडे इथून आळंदीपर्यंत चालत जातात आणि मग पालखीबरोबर पंढरपूरला. म्हणजे ज्या सोहळ्याचे फोटो साऱ्या देशात छापून येतात, त्याची पहिली पावलं कर्नाटकातल्या चिक्कोडी तालुक्यात पडतात. पुण्यातल्या मित्रांना हे सांगितलं की ते आधी गुगल करून बघतात.

अंकलीच्या पुढं कृष्णा ओलांडली आणि मिरजेच्या मुक्कामाला वीणेच्या भोपळ्याला बारीक चीर गेलेली दिसली. दिंडीत वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, आणि त्या वाकण्यातही वीणा तिसऱ्या कुणाच्या तरी हातानं सावरलेली असते. दुसरी वीणा उभी केली आणि ही घेऊन आम्ही तिघं सतारमेकर गल्लीत गेलो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं होतं, पण दुकानात त्याची काही मिजास नव्हती. लाकडाचा भुसा, छताला टांगलेले वाळके भोपळे, पॉलिशचा वास. कारागिरानं वीणा मांडीवर घेतली, भोपळ्यावर नखानं टकटक केली, कान लावला आणि म्हणाला, ‘‘हा पंढरपूरकडचाच आहे. चाललाय त्याच्या गावाला.’’ सतारीचे भोपळे भीमेकाठच्या त्या भागातच पिकतात. तिथलं फळ इथं येतं, वाद्य होतं, आणि आमच्यासारख्यांच्या गळ्यात पडून परत चालत तिकडं जातं. त्यानं चीर भरून दिली, तारा लावून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. ‘‘पंढरीत माझं नाव घ्या’’ म्हणाला. मी त्याच्या हाताचा फोटो घेतला. नखांत पॉलिश बसलेलं, अंगठ्याला तारेचे काप.

याच टप्प्यात अण्णांची आणि माझी जोडी जमली. रायबाग तालुक्यातले शेतकरी, वय सत्तरीच्या आसपास, घरची भाषा कन्नड. खिशात कन्नड लिपीत छापलेला हरिपाठ. नुसता हरिपाठ नाही, तुकोबांचे कितीतरी अभंग त्यांना तोंडपाठ, आणि म्हणताना एक मात्रा चुकत नाही. पण बोलायची मराठी शून्य. म्हणजे मराठी येते ती सगळी गाथेतली. नागजच्या पुढं एका टपरीवर पोऱ्यानं कप पुढं केला तर म्हणाले, ‘‘मज चहा नलगे.’’ पोऱ्या माझ्याकडं बघायला लागला. माझी कन्नड बाजारापुरती, भाजी आणि रिक्षा. तरी सांगोल्यापर्यंत आमच्या गप्पा झाल्या. पाऊस मागं राहिला होता, दोन्ही अंगांना द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड, आणि अण्णा मला बोटानं दाखवून एकेकाचं कन्नड नाव सांगत होते. मला ते ‘फोटोमास्तर’ म्हणायचे. दर मुक्कामाला तोच प्रश्न, ‘‘फोटो एल्लैती री, मास्तर?’’

हा प्रश्न एकट्या अण्णांचा नव्हता. फोटो कुठं मिळणार, असं प्रत्येकानं विचारलं होतं आणि मी प्रत्येकाला देतो म्हणालो होतो. आपण सगळेच म्हणतो. घरी आल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळं व्हावं असा विचार होता, पण निम्म्या लोकांकडं बटणाचा फोन. मग प्रिंट काढल्या, चार बाय सहाच्या, आणि गावागावांची पाकिटं केली. नावं बऱ्याच जणांची विचारलीच नव्हती, वारीत सगळेच माउली. पाकिटांवर मजकूर असा: ‘येळ्ळूर, पखवाज’, ‘कडोली, हिरवं लुगडं’, ‘संकेश्वर, दोघे भाऊ, एकाला चष्मा’. माझा शाळेपासूनचा वडगावचा दोस्त मोटारसायकल घेऊन तयार झाला. त्याला ना वारीचं वेड, ना फोटोचं. पण कन्नड फक्कड येतं आणि रविवारी घरी बसवत नाही. पहिल्या रविवारी म्हणाला, ‘‘तुझा विठोबा पेट्रोल घालतोय काय रे?’’ पुढं तोच आठवड्याच्या मधे फोन करून विचारायचा, या वेळी कुठलं पाकीट.

कडोलीच्या आजीनं मला संकेश्वरात, हिरण्यकेशीच्या काठावर गाठलं होतं. डोक्यावरची तुळस सुनेकडं देऊन, पदर नीट करून समोर उभी राहिली. ‘‘माझा एक सरळ काढ बाबा. भिंतीवर लावायला. आत्ता काढलास तर बरा येतंय. मागनं ही पोरं आधारकार्डावरचाच मोठा करून लावतात.’’ हसू नको असं मी सांगायची गरजच नव्हती, तिनं चेहरा आधीच कडक केला होता. मी तो फोटो आठ बाय दहाचा काढून दसऱ्यानंतर घेऊन गेलो. भाताची सुगी जवळ आलेली, घरात एकटी आजीच. तिनं फोटो उजेडाला धरला, लांब धरला, जवळ धरला. ‘‘नथ दिसना झालीय.’’ मग, ‘‘आणि तुळस कुठाय?’’ तुळस तिनंच बाजूला दिली होती हे तिला मान्य नव्हतं. तेवढ्यात सून शेतातून आली, आणि असला फोटो आत्तापासून घरात नको म्हणून तिनं तोंड फिरवलं. आजीनं तो तिच्यादेखत ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी ठेवला आणि मला चहा पिऊन जायला सांगितलं. दुसऱ्या फोटोची ऑर्डरही दिली. नथ आणि तुळशीसकट.

येळ्ळूरच्या पखवाजवाल्यांचं पाकीट लगेच पोचलं. संकेश्वरच्या भावांतला चष्मेवाला मात्र पुण्याला कामाला गेलेला, दुसऱ्यानं दोन्ही फोटो ठेवून घेतले. निपाणीकडच्या एका गावात आम्ही चुकून दुसऱ्याच दिंडीच्या लोकांकडं गेलो. त्यांनीही जेवायला बसवलं आणि आमचे फोटो कधी, म्हणून विचारलं.

अण्णांकडं जायचा मुहूर्त त्यांनीच काढला, माघ पौर्णिमेचा. 12 फेब्रुवारी 2025. त्यांच्या गावापासून चिंचली जवळ, आणि तिथं मायाक्का देवीची यात्रा तेव्हा भरते. महाराष्ट्रातून बैलगाड्या येतात. रस्त्याच्या कडेला सोडलेल्या गाड्या, बैलांच्या शिंगांना भंडारा, चुलींचा धूर, मराठी आणि कन्नडमधे एकाच वेळी चाललेली भांडणं. भंडारा उडायला लागला की कॅमेऱ्याच्या चाकांत घुसतो, म्हणून मी तो पिशवीत घातला आणि नुसता फिरलो. दुपारी अण्णांच्या घरी. भिंतीवर बसवण्णा, विठ्ठल आणि मायाक्का एका रांगेत. कडक रोटी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी, दही. जेवण झाल्यावर पाकीट उघडलं. सांगोल्याच्या अलीकडं काढलेला फोटो होता, डोळे मिटलेले, तोंड उघडं, अभंगाच्या वरच्या सुरावर. मला आवडलेला. अण्णांनी बघितला आणि बायकोला काहीतरी म्हणाले. दोस्त हसायला लागला. ‘‘म्हणतायत, झोपेत घोरताना का काढलाय?’’ त्यांना आवडला तो दुसराच, वीणा गळ्यात घेतल्यावरचा, सगळ्यांसारखा समोर बघणारा. महाराजांची नजर चुकवून पंगतीच्या वेळी काढलेला.

वारीत भेद नसतो हे वाक्य आमच्याकडं फार सोपं करून सांगतात. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून आमच्या भागात जे चाललंय ते दिंडीतल्या माणसांनाही ठाऊक असतं. पाटी कुठल्या भाषेत, अर्ज कुठल्या भाषेत, यावरून त्यांच्याही घरात वाद होतात. फक्त पंगतीत कुणी तो विषय काढत नाही. चिंचलीहून आलो आणि त्याच महिन्यात बसवरून तणाव झाला, दोन्ही राज्यांच्या बस सीमेवर थांबल्या. मिरजेच्या कारागिराच्या हातांचा फोटो माझ्याकडं पडून राहिला. अण्णांचा फोन आला. दोस्तानं नंतर नीट समजावून सांगितलं, पण त्यातलं एक वाक्य मलाही कळलं होतं: ‘‘फोटो एल्लि ओडि होगतावु?’’ फोटो कुठं पळून जातायत? तो फोटो चैत्रात पोचला. आता तो दुकानात भोपळ्यांच्या खाली लावलेला आहे आणि त्यावर भुसा बसतो.

2025 ची एकादशी लवकर आली, 6 जुलैला. मी परत गेलो. महाराजांच्या अटी त्याच. अण्णांचे गुडघे दुखत होते, तरी मिरजेपर्यंत चालले आणि पुढं टेम्पोत बसून टाळ वाजवत आले. कडोलीच्या आजीचा नथ-तुळशीसकटचा फोटो झाला, पण वाऱ्यानं पदर उडालाय म्हणून तो नापास आहे. दोस्त या वेळी शेवटचे दोन मुक्काम चालला. पायाला फोड आले, आणि त्या फोडांचाच फोटो त्यानं स्टेटसला ठेवला.

यंदाची पाकिटं जवळजवळ संपली आहेत. एक राहिलंय. गुलाबी फेटा, डाव्या कानात बाळी, खांद्यावर घडी घातलेलं घोंगडं. हत्तरगीच्या पुढं पुलाखाली पाऊस थांबायची वाट बघताना काढलेला फोटो. गाव विचारलं तर ‘चिक्कोडीकडं’ एवढंच म्हणाले आणि चालू लागले. कुणाला ओळख पटली तर कळवा. प्रिंट तयार आहे, आणि रविवारी आम्ही दोघंही मोकळे असतो.