अँटिमनी काढायचं होतं, अडकली एक पिशवी

ब्रेक लायनरच्या मिक्समधून अँटिमनी ट्रायसल्फाइड काढायचा विचार कुणी करत असेल, तर फॉर्म्युलेशनची धास्ती घेऊ नका. ते जमतं. धास्ती घ्या कागदांची. आमचं घोडं २५ किलोच्या एका सॅम्पल पिशवीपाशी अडलं आणि त्या दिवसांचा राग अजून गेलेला नाही.

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, ट्रकचे ब्रेक लायनर आणि थोडं क्लच फेसिंगचं काम. मिक्सिंग आणि टेस्टिंग माझ्याकडे. भरलेला ट्रक घाट उतरताना ड्रम तापतो, तीनशे अंशांच्या पुढे फिनॉलिक रेझिन सुटायला लागतं, आणि तिथून पुढे एकट्या ग्राफाइटवर भागत नाही. अँटिमनीचं हे सल्फाइड ड्रमच्या पृष्ठभागावर पातळ थर धरून ठेवतं, त्यामुळे पकड एकदम ढासळत नाही आणि लायनरही कमी झिजतो. शंभर किलो मिक्समध्ये दोन-चार किलोच पडतं, पण ते काढून टाकलं की फरक लगेच कळतो.

तरी अँटिमनी सोडायचं ठरवलं, कारण ब्रेकच्या उष्णतेत त्याचं ट्रायऑक्साइड होतं. आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ मध्ये त्रिसंयुजी अँटिमनी 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. मिक्सरपाशी उभी राहणारी पोरं आमचीच आहेत. त्यात १५ सप्टेंबर २०२४ पासून चीनने अँटिमनीच्या निर्यातीला परवान्याची अट लावली आणि भाव कुठल्या कुठे गेले. बिस्मथ आणि मॉलिब्डेनमची काही उत्पादनंही फेब्रुवारी २०२५ मध्ये तशाच यादीत गेली, म्हणून तिकडेही वळलो नाही. टिन सल्फाइडवर आधारलेलं एक तयार मिश्रण युरोपातून सॅम्पल म्हणून मागवलं. ऑर्डर, पैसे, विमान, सगळं सुरळीत.

पिशवी विमानतळावर उतरली आणि तिथेच कस्टम्समध्ये बसली.

आमच्या सीएचएने, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटने, बिल ऑफ एंट्री (आयातीचा कागद) भरली ती शुल्क यादीतल्या ३८२४ शीर्षकाखाली, म्हणजे रासायनिक मिश्रण म्हणून. कस्टम्सकडून क्वेरी आली: हे २८३० का नाही? २८३० म्हणजे सल्फाइड. उत्तर दिलं की २८व्या प्रकरणात साधारणपणे स्वतंत्र, ठरलेल्या रचनेचं एकच संयुग बसतं, आणि आमच्या पिशवीत तीन सल्फाइडं एकत्र आहेत. मग दुसरी क्वेरी: वंगणासाठी वापरता म्हणता, तर ३४०३ का नाही? ३४०३ म्हणजे वंगणं. त्यावर लिहून दिलं की ही पूड कुठल्याही बेअरिंगला लावायची नाही, ती रेझिन, बॅराइट आणि फायबरबरोबर मिसळून दाबली जाते आणि लायनरचाच भाग होते. शेवटी शेरा पडला, नमुना लॅबला पाठवा.

मी स्वतः गेलो होतो. पिशवीचं तोंड कापून नमुना काढलेला, वर खाकी टेप, टेपखालून काळपट राखाडी पूड लेबलवर सांडलेली. बॅच नंबर पुसट झाला होता. कस्टम्सच्या साहेबांनी विचारलं, "हे फटाक्यात जातं का?" प्रश्न चुकीचा नव्हता. अँटिमनी सल्फाइड फटाक्यांत जायचं, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांत अँटिमनीला मनाई केली. मी म्हटलं, "साहेब, यात अँटिमनीच नाही. तेच काढायला तर हे मागवलंय." ते म्हणाले, "मग कंपनीकडून लिहून आणा."

खरी अडवणूक इथे झाली. पुरवठादाराच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये (मालाच्या सुरक्षेची माहिती देणारा कागद) रचनेच्या रकान्यात 'धातू सल्फाइडं, गोपनीय' एवढंच होतं. लॅब म्हणे, रचना कळल्याशिवाय अहवाल नाही. पुरवठादार म्हणे, रचना हे आमचं गुपित. दोघांच्या मध्ये मी, आणि डेमरेजचं, म्हणजे माल पडून राहिल्याच्या भाड्याचं, मीटर चालू. रोज सकाळी सीएचएच्या पोराला फोन, "दादा, काही हललं का?" तो बिचारा तरी काय करणार? अखेर पुरवठादाराच्या मॅनेजरला व्हिडिओ कॉलवर स्पष्ट सांगितलं: टक्केवारी नेमकी नको, मर्यादा द्या, पण सीएएस नंबर (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) द्या आणि 'अँटिमनी नाही' हे लेटरहेडवर सही-शिक्क्यासह द्या. त्यांनी दिलं. तेवढ्या एका पानासाठी इतका वेळ जावा याची चीड येते, कारण ते पान पहिल्या दिवशीही देता आलं असतं. अहवाल आला, मिश्रण मान्य झालं, पिशवी सुटली. टेम्पोतून उतरवताना मी ती स्वतः खांद्यावर घेतली.

या धावपळीत कळलेली गोष्ट: चाचणी लांबणार असं दिसलं की कस्टम्स कायद्याच्या कलम १८ खाली तात्पुरतं मूल्यांकन मागता येतं, बाँड भरून माल सोडवता येतो. ते नको असेल तर कलम ४९ खाली माल गोदामात हलवायची परवानगी मागा, तीस दिवसांपर्यंत मिळते. सीएचए आपणहून सांगेलच असं नाही, विचारा.

पुढचं काम पटापट झालं. मिक्स, हॉट प्रेस, ओव्हनमध्ये क्युअरिंग. चेस मशीनवर, म्हणजे घर्षण तपासायच्या यंत्रावर, इंचभर चौकोनी तुकडा फिरत्या ड्रमला दाबून धरतात आणि तापमान सुमारे ३४५ अंशांपर्यंत नेतात. पकडीचा आलेख जुन्या मिक्सच्या जवळ राहिला, आणि झीज कमी निघाली तेव्हा सगळ्या शॉपला चहा पाजला. क्लच फेसिंगमध्ये मात्र हेच प्रमाण जसंच्या तसं टाकू नका, तिथे गाडी सुटतानाचा जडर, म्हणजे थरथर, बघून ठरवावं लागतं.

एक सांगायचं राहिलं. शक्य असेल तर पहिलं सॅम्पल मिश्रणाऐवजी शुद्ध टिन सल्फाइडचं मागवा, सीएएस १३१४-९५-०. एकच संयुग असल्यामुळे २८३० वर वाद होण्याचं कारण उरत नाही. आणि मिश्रणच घेणार असाल तर रचनेचं ते पत्र जपून ठेवा. गाडी कंपनीसाठी आयएमडीएसमध्ये (गाड्यांच्या भागांत काय मटेरियल आहे याची नोंद ठेवणारी ऑनलाइन यंत्रणा) नोंद करताना पुन्हा तोच प्रश्न येतो, कारण तिथे एखाद्या मटेरियलचा दहा टक्क्यांहून जास्त भाग 'गोपनीय' म्हणून झाकता येत नाही.