होय साहेब

सरकारी विश्रामगृहात मी खानसामा आहे, बावीस वर्षं झाली. दौरा लागला की अर्धा तालुका आमच्या व्हरांड्यात उभा असतो आणि जो तो स्वयंपाकघरात डोकावून साहेबांची आवड सांगून जातो. खुद्द साहेबांना कुणी विचारत नाही.

त्या जुलैत मोठे साहेब येणार होते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, माशांच्या विणीचे दिवस म्हणून. पण खाडीत हातजाळं चालतं. पहाटे धक्क्यावरून पाग टाकून पकडलेले शेवटे मासे आणले, कुर्ल्या आणल्या. "बघ, अजून जीव आसा तेंच्यात," म्हणत मावशीने नांग्यांना सुतळी आवळली. मी वाटपाचं खोबरं भाजलं, तिरफळं ठेचून ठेवली.

दहाला एक भाऊसाहेब थर्माकोलचा खोका घेऊन हजर. बर्फातली सुरमई.

"साहेबांना सुरमईच लागते."

"कुर्ल्या जिवंत आहेत, भाऊसाहेब."

"खाडीतलं वाढणार साहेबांना? शोभतं का?"

सुरमई किती जुनी ते मला कुणी सांगायला नको. डोळा आत गेलेला, कल्ला तपकिरी, बोटाने दाबलं की खळगा तसाच राहायचा. आगळ-तिखट लावलं तर तुकड्यांना पाणीच सुटत राहिलं. तीनदा फडक्याने टिपलं तरी रवा धरेना. तव्यात उलथताना मांस काट्यावरून निखळलं. असा तुकडा मी घरच्या ताटातही वाढला नसता.

साहेबांनी घास घेतला. "ताजी आहे?"

"आत्ताच उतरवली, साहेब!" चौघं एकदम बोलले. त्यांत बंदी राबवणं ज्यांचं काम, तेही होते.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळले. "काय हो, मामा?"

"होय साहेब," मी म्हणालो.

कल्ला मी माझ्या हाताने उघडून पाहिला होता. त्या चौघांना बढती हवी असेल, बदली नको असेल. मला काय हवं होतं? माझी बदली होत नाही, बढती तर नाहीच. नुसतं "नाही" म्हणायचं होतं, आणि विचारणारा खरंच विचारत होता.

साहेबांनी तुकडा कडेला सारला, सोलकढी-भातावर जेवण उरकलं. मागच्या पडवीत ड्रायव्हर मंडळी कुर्ल्यांचं सांबारं ओरपत होती. हात धुताना साहेब थांबले.

"तिरफळाचा वास येतोय."

"तो ड्रायव्हर लोकांच्या जेवणाचा, साहेब," भाऊसाहेब म्हणाले आणि टॉवेल घेऊन पुढे झाले.